शेजारी हाच पुरावा

पणजीच्या मळ्याजवळच्या एका वाड्यावरून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाड्यावर तेवीस घरे आहेत. जमीन एकेकाळी एकाच भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, होती. त्याचे वारस लिस्बन, मुंबई आणि पर्वरी असे विखुरलेले असून त्यांनी गेल्या वर्षी आपले हक्क गोव्याबाहेरच्या एका कंपनीला विकले. तेव्हापासून एक मध्यस्थ संध्याकाळी घरोघरी येतो, प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतो आणि तो शेजाऱ्यांच्या कानावर घालू नका असे बजावून जातो. दोन कुटुंबे पैसे घेऊन निघून गेली आहेत. राहिलेल्यांत आठ पिढीजात मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारे), काही जुने भाडेकरू, तीन घरे स्वतःच्या मालकीची, आणि पाठीमागच्या खोल्यांत बाहेरगावाहून आलेली कामगार कुटुंबे आहेत. कायदा आपल्या बाजूचा आहे का आणि वाडा एकत्र कसा ठेवायचा, असे दोन प्रश्न प्रश्नकर्तीने विचारले आहेत.

मुंडकार आणि भाडेकरू यांच्या प्रकरणांत मी सव्वीस वर्षे काम करीत आहे आणि या काळात मला हे दोन प्रश्न कधीच वेगळे करता आले नाहीत. मुंडकाराचा हक्क बहुधा शेजाऱ्यांच्या साक्षीवर सिद्ध होतो. १९७६ साली अमुक घरात कोण राहत होते, भाटकाराच्या संमतीने राहत होते का, घर कोणी शाकारले, विहीर कोणाची होती, हे सांगणारा माणूस शेजारच्याच घरात असतो. तो पैसे घेऊन वाडा सोडून गेला की त्याचे घर तर जातेच, शिवाय तुमचा साक्षीदारही जातो. तुमच्या वाड्यावरून जी दोन कुटुंबे गेली, त्यांच्याबरोबर किती जणांचे पुरावे गेले याचा हिशेब आधी करा.

कायद्याविषयी आता नेमके सांगतो. गोवा, दमण व दीव मुंडकार (निष्कासनापासून संरक्षण) कायदा १९७५ सालचा, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असतानाचा, आणि तो १२ मार्च १९७६ पासून लागू झाला. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर कायम वस्ती करून राहणारा माणूस आणि त्याचे कुटुंब यांना या कायद्याने संरक्षण दिले आहे. भाटकाराची चाकरी करण्याची अट असो वा नसो. जमीन विकली गेल्याने हा हक्क संपत नाही. ज्याच्या मालकीच्या जमिनीवर घर उभे आहे तो भाटकार, एवढाच कायद्याचा अर्थ असल्यामुळे तुमची ती कंपनी आज कायद्याच्या दृष्टीने तुमची भाटकार आहे आणि जुन्या भाटकाराला जे करता येत नव्हते ते तिलाही करता येत नाही. मामलेदारांकडे कलम ८अ खाली अर्ज करून मुंडकार असल्याची घोषणा मिळवता येते आणि त्यानंतर ठरवून दिलेली किंमत भरून घर व सभोवतालची जागा विकत घेता येते. पंचायत क्षेत्रात ही जागा घरासह ३०० चौरस मीटरपर्यंत, तर तुमच्यासारख्या शहरी भागात २०० चौरस मीटरपर्यंत असू शकते.

मात्र या संरक्षणाला एक दार आहे आणि मध्यस्थ नेमका तेथूनच आत शिरतो. घराचे भाडे भरणारा माणूस या कायद्याने मुंडकार ठरत नाही. दुसऱ्याच्या घरात किंवा आउटहाउसमध्ये राखणदार म्हणून राहणारा ठरत नाही, तसेच मालकाने राहायला जागा दिलेला घरगडी किंवा चौकीदारही ठरत नाही. म्हणून अशा वाड्यांवर पहिली कागदपत्रे फार साध्या चेहऱ्याने येतात. ‘फक्त महिना शंभर रुपयांची पावती घ्या, म्हणजे तुमचे नाव कंपनीच्या वहीत येईल’, किंवा ‘तुमची वीजजोडणी बदलायची आहे, एवढ्या अर्जावर सही करा’. त्या अर्जात कोठेतरी ‘मी सदर जागेत राखणदार म्हणून राहतो’ असे वाक्य असते. बार्देशातल्या एका वाड्यावर अशा सह्या अकरा घरांनी केल्या होत्या, त्यांपैकी सात घरांतील माणसांना ते वाचता येत होते आणि तरीही त्यांनी केल्या, कारण कागद घेऊन येणारा माणूस पूर्वी त्यांच्याबरोबर शाळेत होता. त्या सह्या नाकारण्यात पुढची नऊ वर्षे गेली. सही करण्यापूर्वी कागद घरात एक रात्र राहील आणि वाड्यावरच्या दुसऱ्या दोन माणसांनी तो वाचलेला असेल, एवढा नियम तुम्ही आजच करावा.

भाडेकरूंची गोष्ट निराळी आहे आणि त्यांच्याविषयी मुंडकारांत थोडी तुटकपणाची भावना असते, ती आधी दूर करा. त्यांना १९६८ च्या इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे आणि भाडे नियंत्रकाच्या आदेशावाचून त्यांना घराबाहेर काढता येत नाही. त्यांना गोत्यात आणण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे भाडे घेणे बंद करणे. तीन महिन्यांचे भाडे थकले, नोंदणीकृत नोटीस आली आणि तीस दिवसांत थकबाकी भरली नाही, तर निष्कासनाचे एक कारण तयार होते. म्हणून कंपनीने भाडे नाकारले त्याच महिन्यापासून ते मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवावे, परत आलेला प्रत्येक कागद जपून ठेवावा आणि नोंदणीकृत पत्र कधीही परत करू नये. पत्र घेतले नाही म्हणजे ते आलेच नाही, अशी अनेकांची समजूत असते. कायदा नाकारलेल्या नोटिशीलाही मिळालेली नोटीस मानतो.

ज्या तीन घरांची मालकी स्वतःची आहे, त्यांनी आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या वारसापद्धतीमुळे पती-पत्नीचा समाईक हक्क आणि सर्व मुलांचा वाटा हे आपल्याकडे घट्ट रुजलेले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु वेळीच इन्व्हेंटरी (वारसा व वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) होऊन वाटण्या झाल्या नाहीत, तर तिसऱ्या पिढीत एका घराचे वीस-बावीस हिस्सेदार होतात. कंपनी त्यांतल्या परदेशातील एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेते आणि एका सकाळी सहमालक म्हणून अंगणात उभी राहते. हिस्सा विकताना इतर सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क असतो, पण तो मुदतीत बजावावा लागतो आणि विक्री झाल्याचे कळेपर्यंत मुदत सरत आलेली असते. खोट्या कागदांनी बंद घरे व जमिनी बळकावण्याचे प्रकार एवढे वाढले होते की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमावा लागला. त्यामुळे दर सहा महिन्यांनी आपल्या मिळकतीचा फॉर्म डी (शहर भूमापनातला हक्काचा उतारा) काढून पाहणे ही सवय आता दिवाळीच्या साफसफाईइतकी नेमाची झाली पाहिजे. पणजीत चलता नंबर (भूखंडाचा क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (नकाशाचा क्रमांक) सांगितला की नक्कल मिळते. गावाकडे तेच काम फॉर्म एक व चौदा करतो.

आता मी ज्या कामाला सर्वांत जास्त महत्त्व देतो, त्याकडे येतो. ते काम म्हणजे वाड्याची वही. दोनशे पानी जाड वही घ्या आणि प्रत्येक घराला चार पाने द्या. घर कोणाच्या नावावर, कोण कोण राहते, कधीपासून, घरपट्टीचा क्रमांक, पहिले वीजबिल कोणत्या सालचे, घराच्या चारी बाजूंना कोण, वाट कोठून, पाणी कोठून, हे सगळे लिहा. त्यानंतर या घराविषयी साक्ष देऊ शकतील अशा साठीपुढच्या तीन माणसांची नावे लिहा. घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही आणि वीजबिलानेही होत नाही, हे खरे. पण राहण्याचा काळ त्यांनी सिद्ध होतो आणि मुंडकाराच्या अर्जात तोच कळीचा असतो. जुनी मतदारयादी, शिधापत्रिका, मुलांचे शाळेतले दाखले, बाप्तिस्म्याची नोंद, सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमधला पत्ता, यांतले जे मिळेल त्याची प्रत त्या पानांना जोडा.

पुराव्याच्या शोधात माझ्या हाती आलेली सर्वांत मोलाची वस्तू एका भजनी मंडळाची वर्गणीची वही होती. तिच्यात १९७४ पासून दर सप्ताहाला कोणत्या घराने किती वर्गणी दिली, कोणी तेल दिले, कोणत्या घरी पहाराची पाळी होती, हे एकाच माणसाच्या मोडी वळणाच्या सुबक अक्षरात नोंदलेले होते. भाटकाराच्या वकिलाने ती घरे नंतरची आहेत असा दावा केला होता. वही आणि तिच्यात नाव असलेले दोन म्हातारे शेजारी यांच्यापुढे तो टिकला नाही. तेव्हापासून कोणत्याही वाड्यावर गेलो की आधी जत्रेच्या, काल्याच्या, क्रुसापुढच्या लादीनच्या (सामूहिक प्रार्थनेच्या) वह्या कोणाकडे आहेत हे मी विचारतो. त्या बहुधा देवघराच्या माळ्यावर, वाळवीच्या तोंडी असतात.

यावरून वाड्याचे एकत्र जीवन कोणत्या ठिकाणी बांधावे, या प्रश्नाकडे वळता येते. गावात ग्रामसभा असते. १९९४ च्या पंचायत राज कायद्याने दिलेल्या त्या सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो. जमिनीच्या वापराचा प्रादेशिक आराखडा २०११ याच्या विरोधात डिसेंबर २००६ मध्ये गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला, त्यामागे अशा गावोगावच्या बैठकांचे बळ होते. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को येथे राहणाऱ्यांना तशी सभा नाही. नगरसेवक भेटला तर भेटला. म्हणून शहरातल्या वाड्याला आपली सभा स्वतःच भरवावी लागते.

ती देवळाच्या समितीकडे सोपवावी, असे अनेकांना सुचते. मला ते योग्य वाटत नाही, आणि यात कोणत्याही देवस्थानाचा अनादर नाही. आपल्याकडे देवस्थानाचे महाजन, म्हणजे त्याच्या कारभाराचे हक्कदार, वंशपरंपरेने ठरतात. वाड्यावर राहणारी निम्मी घरे महाजन नसतात आणि अनेक महाजन वाड्यावर राहत नाहीत. काही ठिकाणी तर महाजनांपैकीच कोणी जुना भाटकार असतो. त्यापेक्षा ज्या जागी प्रत्येक घराची पाळी येते ती जागा निवडावी. वास्कोचा दामोदर सप्ताह पाहा. बंदर आणि रेल्वे यांच्यामुळे नाना ठिकाणांहून आलेल्या माणसांचे ते शहर, पण श्रावणात चोवीस तास अखंड भजन चालते आणि निरनिराळ्या व्यावसायिक समाजांचे पार (भजनाच्या मिरवणुका) वाजतगाजत येतात, कारण प्रत्येकाला आपली पाळी आणि आपला पार आहे. मळ्यातही मारुतीच्या जत्रेला जी घरे एकत्र राबतात, ती बैठकीलाही येतील. बैठक महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, एका तासाची असावी आणि प्रत्येक वेळी निराळ्या घराच्या ओसरीवर व्हावी. ज्या घरात बैठक भरते त्या घरात मध्यस्थाला एकट्याने बोलणे पुढच्या महिन्यात अवघड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बैठकीचा पहिला ठराव आकड्यांविषयी असू द्या. कोणाला कितीची बोली आली हे उघडपणे सांगायचे. वाडा जो फुटतो तो पैशांपेक्षा संशयाने फुटतो. शेजाऱ्याला तीस लाख मिळाले आणि मला बाराच सांगितले, ही खबर कुजबुजीतून येते तेव्हा माणूस शेजाऱ्याकडे जाण्याऐवजी मध्यस्थाकडे धावतो. ज्यांनी विकले त्यांना टाकून बोलू नका. त्यांच्या घरी आजारपण असेल, मुलाचे कर्ज असेल, आणि उद्या मामलेदारांपुढे त्यांचीच साक्ष तुम्हाला हवी असेल.

पाठीमागच्या खोल्यांतल्या कामगार कुटुंबांविषयी प्रश्नात एकच ओझरते वाक्य आहे, पण मी त्यांच्याविषयी अधिक बोलणार आहे. गोव्यात आपण ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द फार सहज वापरतो. त्या खोल्या रिकाम्या करून घेणे कंपनीला सर्वांत सोपे जाते, कारण त्यांच्याकडे कागद नसतो आणि त्यांच्यासाठी बोलणारेही कोणी नसते. एकदा खोल्या रिकाम्या झाल्या की तेथे दगडमाती येऊन पडते, नळ बंद होतो, रात्री अनोळखी माणसे येऊ लागतात आणि पुढच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाडा नकोसा होतो. जून २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर भर पावसाळ्यात पाडली गेली. त्या वेळी बाहेर पडलेल्या बायका-मुलांकडे पाहून उरलेल्या शहराला ती आपली शेजारी वाटली नाहीत, ही गोष्ट मला आजही सलते. तुमच्या वहीत त्या खोल्यांनाही चार-चार पाने द्या आणि बैठकीची पाळी त्यांच्या दारीही येऊ द्या.

दडपणाच्या बाकीच्या खुणा तुम्हाला ठाऊक असतील: मोजणीवाले येतात, पत्र्याचे कुंपण पडते, वाट अरुंद होते, गटार तुंबलेलेच राहते. प्रत्येक घटनेचा तारखेसह फोटो काढून वहीत नोंद करा आणि महापालिका किंवा पोलीस यांच्याकडे दिलेल्या तक्रारीची शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय परत येऊ नका. कोणाला कायदेशीर प्रक्रियेवाचून घराबाहेर काढले, तर ताबा परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो आणि त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही. पण तो सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. वकिलाचा खर्च हा अडसर मानू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आणि वाड्यावरची बहुतेक प्रकरणे घरातल्या बाईच्या नावानेही चालवता येतात.

जमिनीच्या वापराकडेही एका माणसाचे लक्ष असले पाहिजे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६ब, २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ अशी भर पडली, आणि या प्रत्येक कलमाने जमिनीच्या एखाद्या तुकड्यापुरता विभाग (झोन) बदलण्याची वाट निर्माण केली. त्यावर न्यायालयात लढाया झाल्या. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द ठरवले. वाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की विभाग बदलण्याची सूचना आली तर हरकत मुदतीत जावी लागते आणि ती सूचना तुमच्या दारावर कोणी चिकटवणार नाही. राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचण्याचे काम निवृत्त शिक्षकाला द्या. आमच्या एका वाड्यावर हे काम सत्तरीतल्या एक बाई सहा वर्षे करीत आहेत आणि त्यांनी एकही सूचना चुकवलेली नाही.

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. मुंडकाराचा हक्क राहण्याशी बांधलेला आहे. मुले आखातात, म्हातारी माणसे मुलीकडे, आणि घराला तीन वर्षे कुलूप, अशी स्थिती असेल तर तुमची बाजू दर पावसाळ्यात कमकुवत होते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांमागे साधारण एक घर रिकामे आढळले होते. अशा घराची किल्ली वाड्यावरच्या नात्यातल्या माणसाकडे असावी, दिवा लागावा, कौले परतवली जावीत, गणपती त्याच घरात बसावा. तसेच हक्क मिळून घर नावावर झाल्यावर ते पर्यटकांना रोजाने देण्याचा मोह होईल. दोन घरांनी तसे केले की तिसऱ्याला शांत झोप मिळत नाही आणि वाडा आतून रिकामा होऊ लागतो. मी त्यावर बंदी सुचवत नाही, कारण काही घरांची चूल त्यावर चालते. पण ते घर पर्यटन खात्याकडे नोंदलेले असावे आणि त्यात घरमालक स्वतः राहत असावा, असा आग्रह बैठकीने धरावा.

शेवटी वाड्याला विकासकाशी बोलणी करणे भाग पडले, तरी ती सर्व घरांनी एकत्र, एकाच वकिलामार्फत करावीत आणि पहिली अट त्याच जागी परत येण्याची असावी. साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावची माणसे वाडें आणि वालकिणी येथे वसवली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती सोमेश्वराच्या देवळापाशी अजूनही जमतात. गाव एकत्र हलवले गेले म्हणून ते जमू शकतात. शहरातला वाडा फुटतो तेव्हा एक कुटुंब ताळगावला, दुसरे डिचोलीला, तिसरे सावंतवाडीला जाते.

प्रश्नाच्या अखेरीस तुम्ही लिहिले आहे की वाड्यावर ९१ वर्षांच्या एक आजी आहेत आणि त्यांना सगळ्या घरांची कुळकथा पाठ आहे. त्यांचे म्हणणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असा तुमचा विचार आहे. तो अवश्य करा, परंतु त्यावर विसंबू नका. ज्या साक्षीची उलटतपासणी झालेली नाही तिला प्रतिपक्ष हसून बाजूला सारतो. मामलेदारांकडे मुंडकारांचे अर्ज या महिन्यातच दाखल करा, आठही घरांनी एकाच दिवशी, आणि त्याच वेळी आजींची साक्ष वय व प्रकृती लक्षात घेऊन त्यांच्या घरी नोंदवून घेण्यासाठी विनंतीअर्ज द्या. दुसऱ्या बाजूचा वकील तेथे येईल, प्रश्न विचारेल, आणि आजी आपल्या ओसरीवर बसून एकेका घराकडे बोट दाखवून उत्तर देतील. ते पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे.